नावासाठी शंभर घरं

आमचं ऑफिस हिंगोलीत एका खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. तेव्हा आम्ही तिघं होतो, आता दोघं आहोत. मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, मी, आणि सेनगावकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारी एक मुलगी, जिची ती पहिलीच नोकरी होती. रक्त-लघवी तपासणाऱ्या खासगी लॅबना लागणारं एक छोटं यंत्र आम्ही विकतो. डबा बाहेरून येतो, त्यातला प्रोग्राम आमचा. पेशंट आला की काउंटरवर त्याचं नाव लिहायचं, यंत्र नंबराची चिठ्ठी छापतं. रिपोर्ट तयार झाला की बाकड्याशेजारच्या पडद्यावर तो नंबर दाबायचा, मग मोबाईलवर आलेले चार आकडे दाबायचे, की रिपोर्ट दिसतो. चार आकडे माहीत नसतील तर दिसत नाही. ते आकडे म्हणजे रिपोर्टाचं कुलूप.

हा प्रोग्राम मी लिहिला. पुण्याची नोकरी सोडून परत आले त्या वर्षी, सी नावाच्या भाषेत. ही भाषा माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि मला ती आवडते, कारण ती मध्येमध्ये बोलत नाही. नव्या भाषा फार विचारतात. हे एवढंच का, ते तसंच का, हे रिकामं निघालं तर काय करू. सी काही विचारत नाही. तुम्ही सांगाल ते ती करते, चूक सांगितलंत तर चूक करते, आणि मुकाट्याने करते. मला तेव्हा असंच कुणीतरी हवं होतं.

पुण्यात मी बारा वर्षं काढली होती. तिथे काही बिघडलं, कुणाची माहिती बाहेर गेली, की बैठक व्हायची. दोन-दोन तास चालायची, आणि शेवटी एक कागद निघायचा ज्यात सगळी वाक्यं अशी लिहिलेली असायची की कुणी काही केलंच नव्हतं, सगळं आपोआप झालं होतं. सुरुवातीला त्या बैठकांआधी मला घाम फुटायचा. नंतर नुसतं पोटात रिकामं वाटायचं. पुढे तेही बंद झालं. पायावर बसून बसून आधी मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात आणि पाय आपला वाटतच नाही, तसं. मी आजारी नव्हते, दुःखीही नव्हते. जेवत होते, झोपत होते, हसण्याच्या जागी हसत होते. हिंगोलीत परत आल्यावर ते कमी होईल असं घरच्यांना वाटलं होतं. मला तसंही वाटलं नव्हतं.

त्या मुलीला मीच निवडलं. हिंगोलीच्या एका कॉलेजातून पास झाली होती, तिला कुणी काही धड शिकवलेलं नव्हतं, पण वहीत प्रश्न लिहून आणायची सवय होती. वही दुरेघी, पेन निळं. सकाळी आली की पंखा लावायची, ओढणीने कपाळ पुसायची आणि वही उघडायची. "मॅडम, ही ओळ काहून लिवली तुमी?" मी सांगायचे. कधी कधी नुसतं "लागते" म्हणायचे. ते उत्तरही ती वहीत लिहून घ्यायची. सर मला चेष्टेने म्हणायचे, तुम्ही बोलाल ते सगळं छापून निघणार एक दिवस.

आखाडा बाळापूरला एक लॅब आहे, तिच्यात आमचं यंत्र होतं. तिथल्या काउंटरवर ज्या बाई बसायच्या त्यांना सगळं गाव आपा म्हणायचं. पेशंट म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, भाजीवालेही म्हणायचे. पन्नाशीच्या. अकरा वर्षं त्या खुर्चीवर होत्या. त्यांच्याबद्दल लॅबमध्ये एक गोष्ट सांगायचे, की आपांच्या सख्ख्या जावेला साखर निघाली ती यांनी दुपारीच कागदावर पाहिली, आणि संध्याकाळी जावेने घरात रडत सांगितलं तेव्हा आपा इतक्या दचकल्या की जावेलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. मी एकदा त्यांना हे खरं का म्हणून विचारलं. "कोणाची जाऊ?" म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचं नाव लिहायला लागल्या.

एकदा मी त्या मुलीला घेऊन तिथे यंत्र बघायला गेले. बाजाराचा दिवस, बाकड्यावर जागा नव्हती. आपा म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मशीनची एक तकलीफ हाय. पहा आता." आणि त्यांनी एक नाव-आडनाव पुकारलं. तीन बायका उठल्या. तिघीही एकाच गावच्या, एकाच भावकीतल्या. "आता सांगा, कोणाला काय देऊ? तुमची मशीन इंग्रजीत नाव घेती, आन् थोडक्यात घेती. आमाला बराबर पुरं नाव पायजे. मराठीत. भ्र. लावून."

बाहेरच्या वाचकाला हे सांगावं लागेल. आमच्याकडे जुन्या हैदराबाद राज्याच्या वेळेपासून कागदावर बाईच्या नावापुढे भ्र. लिहितात आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. भ्रतार, म्हणजे नवरा. शेताच्या कागदावर, रेशनच्या कार्डावर, बँकेत, सगळीकडे. अमुकबाई भ्र. तमुकराव, मग आडनाव. पुण्यात मी एकदा कुठल्याशा फॉर्मवर सवयीने असं लिहिलं तर शेजारच्या मुलीला हसू आवरेना. पण इथे एका आळीत एकाच नावाच्या चार सुना असतात, आणि भ्र.शिवाय कोणती कोण ते त्यांच्या सासवांनाही सांगता येत नाही. आपांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

"करू," मी म्हटलं, आणि काम त्या मुलीला दिलं. तिने चार दिवसांत केलं, नीटनेटकं केलं. नाव मराठीत यायला लागलं, बाई असेल आणि लग्न झालेलं असेल तर सौ. आणि भ्र. आपोआप लागायला लागलं. पाचव्या दिवशी ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, नावाला तुमी शंभर घरं ठिवली हायत. इंग्रजीत एक अक्षर एक घर घेतं, मराठीत तीन-तीन खातंय. नाव लांबलं तर काय व्हईल?"

मी मान वर न करता म्हटलं, "बघितलंय मी ते. पुरतं."

बघितलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हणूनही बोलले नाही. माझ्या समोर दुसऱ्या लॅबचं काम होतं, तिचा त्या दिवसातला सातवा-आठवा प्रश्न होता, आणि वीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या तोंडात असं उत्तर तयारच असतं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मग मी तिचं काम वरवर चाळलं आणि सगळ्या लॅबना पाठवून दिलं.

त्याचं काय झालं ते साध्या भाषेत असं. गणिताची चौकटीची वही असते, तशी यंत्राची आठवण असते. एका पेशंटची एक ओळ. त्या ओळीत पहिली शंभर घरं नावाची. एकशेएकावं घर कुलपाचं: त्यात शून्य असेल तर रिपोर्ट बंद, दुसरं काहीही असेल तर उघडा. त्यापुढची काही घरं मी पुढेमागे लागतील म्हणून रिकामी सोडलेली. यंत्र आधी कुलपाच्या घरात शून्य लिहायचं आणि मग नाव लिहायला घ्यायचं. नाव शंभरात मावलं तर ठीक. नाही मावलं तर ते तसंच पुढे सांडायचं, कुलपावरून, रिकाम्या घरांवरून. दुसऱ्या एखाद्या भाषेने शंभराव्या घराशी हात धरला असता. सी धरत नाही. आणि पुढची घरं रिकामीच असल्यामुळे बाकी काही बिघडलं नाही, यंत्र बंद पडलं नाही, कुणाला काही कळलं नाही. ज्या बाईला आपलाच रिपोर्ट आकड्यांशिवाय दिसला, तिने सोय समजून तो घेतला.

पुरुषांची नावं शंभरात मावत होती. लग्न न झालेल्या मुलींचीही मावत होती.

बाळापूरजवळच्या एका खेड्यातली एक सून त्या लॅबमध्ये तपासणीला आली होती. तिला आधी दोनदा दिवस राहून गेले होते. तिसऱ्या वेळी तिने ठरवलं होतं की तिसरा महिना उलटेपर्यंत घरात बोलायचं नाही. नवऱ्याला तेवढं सांगितलं होतं, सासूलाही नाही. तिच्या मागोमाग तिच्याच आळीतली एक बाई ताप तपासायला आली होती, तिचा नंबर पुढचा. त्या बाईने पडद्यावर आपला नंबर दाबताना चुकून एक कमी दाबला. चार आकडे न विचारता रिपोर्ट उघडला. वर नाव, पूर्ण, भ्र. लावून. आता असं कळल्यावर कोण गप्प बसेल? ती बाई वाईट नव्हती, तिला आनंदच झाला होता. सून घरी पोचायच्या आत सासूला आळीतल्या बायका विचारत होत्या, गोड बातमी काहून लपवून ठिवली म्हणून.

वीसेक दिवसांनी ते गेलं.

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं, मलाही ते माहीत आहे, आणि मला वाटतं त्या सासूलाही आत कुठेतरी माहीत असेल. पण घरात एवढं झाल्यावर राग कुठेतरी जावा लागतो. बातमी फुटली कशी? शेजारीण शपथ घेऊन सांगत होती की मशीनवर दिसलं. पण मशीन आकडे मागितल्याशिवाय दाखवत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग राहिलं कोण? नाव कुणी लिहिलं, चिठ्ठी कुणी दिली, कागद कुणी पाहिला? घरचे लोक लॅबवर आले, काउंटरवर हात आपटले. डॉक्टरांनी आपांना दुसऱ्या दिवसापासून घरी बसायला सांगितलं.

आपा आमच्या ऑफिसात आल्या त्या पहिल्यांदाच. जिना चढून धाप लागली होती. मुलीने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. "मॅडम, मी अकरा साल तोंड शिवून बसले," म्हणाल्या. "आता बाजारात भाजीवाली बी माझ्याशी जपून बोलून राहिली. मी जवळ आले की बाया गप व्हत्यात. माझ्यासमोर! मला दुसरं काय नको. माझ्या तोंडातून गेलं न्हाई, एवढं कोणीतरी सांगा."

त्या रडल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. वाटायला हवं हे कळत होतं. एखाद्या अनोळखी गावात कुणाच्या तरी मयताला गेल्यासारखी मी बसले होते.

त्या गेल्यावर मी यंत्राची नोंद उघडली. अर्ध्या तासात सापडलं. उघड्या पडलेल्या रिपोर्टांची यादी पडद्यावर मावेना. त्यात एकही पुरुष नव्हता. सगळ्या भ्र. मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती आणि तिनेही यादी वाचली. दुरुस्ती एका ओळीची होती. तिनेच टाइप केली, मी सांगितली. दुपारपर्यंत सगळ्या लॅबची यंत्रं नीट झाली, लॅबवाल्यांना कळवूनही झालं.

मग बैठक झाली. तिघांचीच, सरांच्या टेबलाशी, पण बैठकच. सरांनी फोनवर कुणाचंतरी काहीतरी ऐकलेलं होतं. "मॅडम, मला एक सांगा. लोक म्हणतात ह्या जुन्या भाषाच घातकी हायत, प्रोग्राममधली निम्मी भगदाडं त्यांच्यामुळंच पडत्यात. दुसरे म्हणत्यात भाषेला काय कळतं, शिकाऊ पोरं काहीबाही लिवत्यात म्हणून पडत्यात. आपल्या केसमधी काय? भाषा का पोरगी?"

मुलगी समोरच बसली होती. तिची वही मांडीवर होती, मिटलेली.

हा वाद मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलू शकते. भाषेने शंभराव्या घराशी थांबवलं असतं तर हे झालं नसतं, हे खरं. नवी माणसं चुका करतात, हेही खरं. पण त्या दिवशी माझ्यासमोर जे होतं ते या दोन्हींत बसत नव्हतं. जिला काही येत नव्हतं तिने बरोबर तोच प्रश्न विचारला होता, तोही वेळेवर. जिला सगळं येत होतं तिने उत्तर दिलं होतं. भाषेने मला अडवलं नाही. पण एका माणसाने अडवलं होतं, वही घेऊन, टेबलाशी उभं राहून, आणि मी त्याला वाटेला लावलं होतं. अनुभव म्हणजे माझ्या बाबतीत एवढंच उरलं होतं, की न बघता "बघितलं" म्हणायला जीभ अडखळत नाही.

हे सगळं मला त्या टेबलाशी बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "भाषेचा दोष आहे, सर."

"म्हणजे कोणाचाच न्हाई," सर म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. माणूस वाईट नाही. त्यांना कुणाला काढायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला वाचवलं असं मी मनाशी धरून चालले होते, आणि ती माझे आभार मानेल अशीही कुठेतरी अपेक्षा होती. ती उठली आणि आपला डबा घेऊन गच्चीवर जेवायला गेली. रोज आम्ही बरोबर जेवायचो.

पत्र मी लिहिलं. अशी पत्रं मला चांगली येतात. संगणकीय भाषेच्या तांत्रिक मर्यादेमुळे काही अहवाल काही काळ सांकेतिक क्रमांकाशिवाय दिसण्याची शक्यता निर्माण झाली होती, ती आता दूर करण्यात आली आहे, यात लॅबच्या कर्मचाऱ्यांचा संबंध नाही. खाली सरांची सही, शिक्का. आपा स्वतः येऊन घेऊन गेल्या, पिशवीत घडी पडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून.

आठवड्याने परत आल्या. कागद तसाच वर्तमानपत्रात होता.

"डॉक्टर म्हनले कागद ठीक हाय, पण त्या घरचे लोक व्हय म्हनतील तवाच मी तुमाला घेईन. न्हाईतर त्या गावातलं कोणी माझ्याकडं येणार न्हाई. म्हणून त्यायच्या घरी गेले. पोराकडून वाचून घेतला त्यांनी. म्हातारी म्हनली, आपा, ह्याच्यात माणूस कुठं हाय? भाषेनं केलं म्हणत्यात. भाषा काय चालत आली का आमच्या घरी?" आपांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, ती बराबर बोलली. मी बी शोधला, मला बी माणूस दिसला न्हाई."

मी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. हे धाडस नव्हतं. त्या समोर बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. सरांना सांगितलं, लॅबवर जाऊन येते. मुलीला काही सांगितलं नाही.

कळमनुरीमार्गे बाळापूर, तिथून रिक्षाने ते गाव. हळद शिजवायचे दिवस होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाफ आणि तो ओला, मातकट वास. वाटेत आपा एकदाच बोलल्या. "तुमी काय सांगणार?" मी म्हटलं, "जे झालं ते." त्यांनी मान हलवली.

सासू ओट्यावर तूर निवडत बसली होती. साठीची, सुकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. आपांना पाहून तिने सूप खाली ठेवलं पण बस म्हटलं नाही. सून आत दाराच्या कडेला उभी राहिली. मी तिचा रिपोर्ट पाहिला होता, नाव वाचलं होतं, तिला पहिल्यांदा पाहत होते. चोवीस-पंचवीसची असेल.

मी उभ्यानेच सांगितलं. तयारी केली नव्हती, तरी नीट सांगता आलं. म्हटलं, मावशी, ते मशीन मी बनवलं. नावाला जागा कमी ठेवली. मराठी नाव लांब होतं तेव्हा कुलूप उघडं राहायचं. मला हे तपासायला पाहिजे होतं, मी तपासलं नाही. आपांनी कुणाला काही सांगितलं नाही. चूक माझी आहे. बोलता बोलता माझे हात गार पडले. किती वर्षांनी पडले ते मला आठवेना, आणि त्याचं मला बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं.

म्हातारीने चष्मा सारखा केला. "किती वर्सं झाली तुमाला ह्या कामात?"

"वीस झाली."

"पुण्याला बी व्हत्या म्हणं?"

"हो."

"आन् वीस वर्सं काम केलेल्या बाईनं जागा कमी ठिवली." तिने आपांकडे मान वळवली. "आपा, तुमी हिला काहून आणलं? चांगली शिकलेली बाई हाय, कोणाच्या तरी पाया पडून तिला खोटं बोलायला लावलं. आमाला एवढं येडं समजू नका."

"मावशी, मी खरं सांगते आहे."

"तुमी भल्या असाल. दुसऱ्याचं आपल्यावर घेऊन राहिल्या तुमी, समजतंय मला. म्या वीस वर्सं भाकरी केल्यावर माझी भाकर करपत न्हाई." सुपातला एक खडा तिने उचलून बाजूला टाकला. "नवीन कोणी न्हाई का तुमच्याकडं? एखादं शिकाऊ पोरगं, पोरगी?"

आपांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खाली मातीकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या हातातल्या पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"आहे," मी म्हटलं. "एक मुलगी आहे. नवीन आहे."

"तिनं केलं?"

मी पुन्हा नाही म्हणू शकले असते. म्हातारीने पुन्हा विश्वास ठेवला नसता, आपा आल्या तशा परत गेल्या असत्या, आणि मी खरं बोलले एवढं समाधान घेऊन मी हिंगोलीला आले असते. हे मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी असलं काही मनात नव्हतं. उत्तर तोंडात तयार होतं.

"हो. नावं मराठीत करायचं काम तिचंच होतं."

"मंग तसं सांगा की!" म्हातारीचा आवाजच बदलला. "नव्या लेकराच्या हातून व्हतं असं. तुमी मोठ्या मनाच्या, म्हणून आपल्यावर घेतलं. बसा, बसा ना. आपा, तुमी बी बसा. उभ्या काहून?" तिने सुनेला चहा टाकायला सांगितला. मग आपांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "लई बोलले मी तुमाला. पोराला सांगते आजच, डॉक्टरला फोन लाव म्हणून." आपांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

चहा सुनेने आणला. कप माझ्या हातात देताना ती पहिल्यांदा बोलली. "तिला काढलं का कामावरून?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"काढायला पायजे," सासू म्हणाली. "पुन्हा कोणाच्या घरात असं नको."

"काढू," मी म्हटलं. माझे हात कधी नेहमीसारखे झाले ते मला कळलं नाही. चहा गोड होता, मी तो सगळा प्याले.

फाट्यावर आम्ही जीपची वाट पाहत उभ्या राहिलो. आपांचा फोन वाजला, डॉक्टरांचा. सोमवारपासून या म्हणाले. त्यांनी "जी, बराबर, जी" म्हटलं आणि फोन पदरात गुंडाळून कमरेला खोचला. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, माझा हात धरतील.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती पोरगी म्हणजे, मला पाणी दिलं ती?"

"हो."

"तिनं केलं न्हाई ना?"

"नाही."

"तुमी आधी सांगितलं तेच खरं."

"हो."

आपा रस्त्याकडे पाहत राहिल्या. एक ट्रॅक्टर गेला, हळदीच्या पोत्यांचा. "माझ्यासाठी तुमी आल्या," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी आता कोण येईल?"

जीप आली. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघींना जागा होती. मी चढून आत सरकले, त्यांच्यासाठी जागा केली. त्यांनी बाहेरूनच दार लावलं आणि मागे जाऊन पोत्यांजवळ बसल्या.